मागची पाटी

ज्युलियस काविळीनं गेला त्याला पाच महिने झाले होते, आणि आता त्याचा प्रोग्राम चुकत होता.

गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यात बॉयलर बनत. कोणत्या बॉयलरला किती जाड पत्रा लावायचा, हे गणित ज्युलियसनं १९७८ साली प्रोग्राममध्ये बसवलं होतं. भोकं पाडलेली तीनशे बारा कार्डं, एका कार्डावर एक सूचना. गठ्ठा मुंबईला नेऊन भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालवून आणायचा. त्याच्या जागी बेला आली. चोवीस वर्षांची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली.

फोरमन बॅप्टिस्ट यांनी एका सकाळी तिच्या टेबलावर दोन छापील कागद ठेवले. "बॉयलर एकच. सोमवारी उत्तर चौदा मिलिमीटर, आज नऊ. नऊचा पत्रा लावला तर एखादा माणूस भाजून मरेल."

तीन आठवडे बेलानं एकेक कार्ड तपासलं. चूक सापडेना. शेवटी तिनं ज्युलियसच्या कपाटातली पुस्तकं काढली. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर त्यानं लिहिलं होतं : 'अडलं की पुस्तक मिट. ज्याला यातलं काहीच कळत नाही, त्याला पहिल्या ओळीपासून समजावून सांग. चूक तुझ्याच जिभेला टोचेल.' खाली बारीक अक्षरात : 'माझी आई छान ऐकते.'

रविवारी दुपारी बेला वटार गावी त्याच्या घरी गेली. अंगणात शिरतानाच तिला ओटीवरून एका बाईचा आवाज आला, प्रार्थनेसारखा एका लयीत. ज्युलियसची आई क्लेमेंटीन वाल सोलत बसली होती. समोर रिकामी खुर्ची.

"मावशी, मी ज्युलियसच्या जागी काम करते. त्याचा प्रोग्राम—"

"ठाऊक आहे. बस बाय. त्या खुर्चीवर नको, इथं बस."

क्लेमेंटीनला लिहिता-वाचता येत नव्हतं. "तो सांगायचा, मी वाल सोलायची. पाठच झालंय," ती म्हणाली, आणि घरच्या बोलीत सुरुवातीपासून सांगू लागली. बॉयलरला ती हंडा म्हणत होती. बेलानं प्रोग्रामची छापील यादी मांडीवर उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. ओळीला ओळ जुळत होती. मध्येच बोट थांबलं.

"नवा हंडा घेतला की आधी मागच्याची पाटी पुसायची," क्लेमेंटीन सांगत होती, "नाहीतर मागचा नव्यात जाऊन बसतो."

"मावशी, हे यात नाही."

"आहे ना. पुन्हा बघ."

नव्हतं. पण बेलाला लख्ख कळलं. आधीच्या बॉयलरचा आकडा कॉम्प्युटरमध्ये तसाच राहत होता. बॉयलर एकटा मोजला की उत्तर बरोबर, दुसऱ्याच्या मागून मोजला की चूक. एखादं कार्ड गळून पडलं असणार, असं तिला वाटलं.

"हे त्यानं कधी सांगितलं होतं?"

"गेल्या रविवारी."

बेलानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"म्हणाला, आय, माझं चुकलंय," क्लेमेंटीन शांतपणे बोलली. "ध्यानात ठेव, कुणीतरी विचारायला येईल."

सोमवारी बेलानं ते एक कार्ड नवीन पाडलं. बॉयलर उलटसुलट क्रमानं मोजून पाहिले. त्या बॉयलरचं उत्तर दर वेळी चौदाच. मग जुने कागद धुंडाळताना लक्षात आलं, की पातळ पत्र्याचे दोन बॉयलर आधीच बाहेर गेले आहेत. बॅप्टिस्ट स्वतः जाऊन ते बंद करून आले. एका बॉयलरचं पोट फुगू लागलं होतं.

बेलानं ज्युलियसच्या सगळ्या जुन्या याद्याही पाहिल्या, अगदी पहिल्या खर्ड्यापर्यंत. पाटी पुसायची ती ओळ कशातच नव्हती. कार्ड गळालंच नव्हतं. त्यानं ते कधी लिहिलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा वटारला गेली. क्लेमेंटीन हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

"आज आला नाही," ती म्हणाली. "तू काय केलंस?"

"चूक काढली, मावशी. दोन ठिकाणची माणसं वाचली."

क्लेमेंटीननं मान हलवली. "बरं केलंस. मनाला फार लागलं होतं त्याच्या." मग तिचा चेहरा एकदम उतरला. "पण मग आता तो कशाला येईल, बाय?"

म्हातारी उठली, आत गेली, आणि तिनं दार लोटून घेतलं. बेला बराच वेळ अंगणात उभी राहिली, कान देऊन. आतून कसलाच आवाज आला नाही.