फर्निचरसोबत एक माणूस

“काका, उठा ना जरा. सीन सुरू व्हायचाय अन् तुम्ही जमीनदाराच्या खुर्चीत बसून आहात.”

“जमीनदार कुठाय?”

“बाहेर चाय पिऊन राहिला.”

“मग तो येईपर्यंत बसतो. खुर्ची रिकामी ठेवली की वेत सैल पडतो,” खांबेटे म्हणाले.

ऋतुजाने विश्वास ठेवला. खुर्ची रिकामी ठेवल्याने वेत सैल पडत नाही हे खांबेट्यांना ठाऊक होतं. पण बसून राहायला काहीतरी कारण लागतं, आणि कॉलेजच्या नाटकाच्या तालमीत सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तर चांगलंच भक्कम लागतं.

काशिनाथ खांबेटे सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या नोकरीच्या काळात चार इमली वस्तीतल्या सरकारी बंगल्यांत साहेब बदलला की पडदे बदलत आणि मेमसाहेब बदलल्या की फर्निचर. जुनं सामान गोदामात जाई, तिथून लिलावात. इतर क्लार्क लिलावात पंखे घेत. खांबेट्यांनी शिसवी टेबल घेतलं, लांब हातांची वेताची आरामखुर्ची घेतली, आरसा बसवलेला टोप्यांचा स्टँड घेतला. टोपी त्यांच्याकडे एकच होती, तीही माकडटोपी. हे सगळं कोटरा सुल्तानाबादच्या त्यांच्या दोन खोल्यांत आलं. ज्या टेबलासमोर ते वर्षानुवर्षं फाइल घेऊन उभे राहिले, त्याच्यामागे आता त्यांना बसता येऊ लागलं. समोर उभं राहायला मात्र कोणी नव्हतं. बायको, शारदाबाई, तर मुळीच राहत नसत. “साहेबांना घरी आणलंत,” त्या म्हणाल्या होत्या, “आता त्यांना चहा तुम्हीच द्या.”

शारदाबाई गेल्या. पुण्याहून मिलिंदचा दर रविवारी फोन येई. “बाबा, विकून टाका ते लाकूड. निदान चालायला जागा होईल.” कुठे चालत जायचं, ते मिलिंदने सांगितलं नाही.

मग कॉलेजातले समीर आणि ऋतुजा आले. त्यांच्या नाटकमंडळींनी आदल्या वर्षी थर्माकोलची हवेली उभारली होती. नायक शोकाच्या भरात खांबाला टेकला आणि खांबासकट प्रेक्षकांत गेला. तेव्हापासून समीरला अस्सल सामान हवं होतं.

“काका, एकदम ओरिजिनल आहे यार हे!” टेबलावर हात फिरवत तो म्हणाला होता. “द्याल का? जपून नेऊ, पक्का.”

“देईन. पण एकटं पाठवणार नाही. ते जिथे जाईल, तिथे मी.”

अशी अट फर्निचरसाठी कोणी घातली नव्हती, पण समीरला घाई होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात टेम्पोत मागे टेबल, खुर्ची, स्टँड आणि पुढे ड्रायव्हरशेजारी खांबेटे अशी वरात निघू लागली. तालमीचे ते दिवस खांबेट्यांच्या वर्षातले बोलण्याचे दिवस होते. उरलेल्या वर्षात ते दूधवाल्याला ‘हां’ म्हणत आणि मिलिंदला ‘ठीक आहे’. तालमीत मात्र त्यांच्यासाठी पोहे बाजूला काढलेले असत, वरून शेव पेरलेले. मुलं गोष्टी विचारत आणि ते सांगत. या खुर्चीत एक कमिशनर झोपेतच निवृत्त झाला. या आरशात बघून एका मेमसाहेबांनी तीन ड्रायव्हर काढले. गोष्टी खोट्या होत्या, पण फर्निचर जुनं असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

समीर आणि ऋतुजाचं ते शेवटचं वर्ष. प्रयोग रंगला. पडदा पडल्यावर समीरने खांबेट्यांना स्टेजवर ओढून नेलं, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि हातात माइक दिला. सभागृह उभं राहिलं. खांबेट्यांसाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. उभं राहण्याचं काम त्यांचंच असे. टाळ्या कमी होऊ लागल्या तसे ते घाबरले. काहीतरी बोलायला हवं होतं.

“ये सब सामान,” ते म्हणाले, “आज से आपका.”

टाळ्या पुन्हा वाढल्या. आधीपेक्षा जास्त.

“काका, तुम्ही पण ना!” ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता तर काय, तुम्ही आमच्याच कॉलेजचे झालात.”

ते घरी आले, पण या वेळी टेम्पोने नाही, रिक्षाने. मिलिंद फोनवर म्हणाला, “बरं झालं. शेवटी ऐकलंत माझं.”

पुढचा हिवाळा आला. खांबेट्यांनी स्वेटर धुऊन ठेवला, फोन चार्ज करून ठेवला. फोन आला नाही. पोरं परीक्षेत असतील, म्हणून थोडे दिवस गेले. मग एका दुपारी भाजी चिरताना त्यांच्या लक्षात आलं, की मुलं फोन करायची ती सामान मागायला. सामान आता कॉलेजातच होतं. खांबेट्यांनी सुरी खाली ठेवली आणि कॉलेजला फोन लावला.

“वो खुर्ची का एक पाया थोडा ढीला है,” ते म्हणाले. “मैं आके देख लूं?”

“नहीं सर, आप क्यों तकलीफ करेंगे,” पलीकडचा आवाज फार अदबीने म्हणाला. “हमारे यहां कारपेंटर है.”

खुर्चीच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी ते स्वतःच गेले. मधल्या रांगेत जागा मिळाली. पडदा उघडला आणि समोर त्यांचं घर होतं, फक्त जास्त उजेडातलं. आरामखुर्चीत एक अनोळखी मुलगा दाढी लावून बसला होता आणि बरा बसत होता. शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “देखो, कितना असली लगता है.” खांबेट्यांनी मान डोलावली. ती कोणी पाहिली नाही.

नाटक संपलं. लोक गेले. काळ्या टी-शर्टांतली मुलं सामान उचलायला लागली तसे खांबेटे पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि त्यांनी टेबलाची एक बाजू धरली.

“अरे अंकल, छोड़िए, भारी है.” एक मुलगा धावत आला. “आप किसके पापा हैं?”

खांबेट्यांनी क्षणभर विचार केला. “मिलिंद के.”

“मिलिंद... कौन से ईयर में है?”

“निकल गया.”

“अच्छा, पासआउट! बैठिए ना अंकल, हम कर लेंगे.”

मुलाने टेबल धरलं. खांबेट्यांनी हात काढून घेतला. विंगेमागचं दार आपोआप मिटणारं होतं. पहिल्या दोघांच्या अंगावर ते आलं, तसे खांबेटे पुढे झाले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. टेबल गेलं. खुर्ची गेली. प्रत्येक जण जाता जाता “थँक्यू अंकल” म्हणत होता. स्टँड आडवा करून नेला. आरशात छत गेलं, दिवे गेले.

मग न्यायला काही उरलं नाही. गोदामाकडून मुलांचं हसणं ऐकू येत होतं. खांबेटे दार धरून उभे होते.