अर्ध्या तासाचा आवाज

लॅपटॉपमधून बाईंचा आवाज अपूर्णांक कसे शिकवावेत ते सांगत होता आणि खुद्द बाई शेजारी तोंड मिटून उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला दिवसाचा अर्धा तास ठरवून दिला होता. जास्त बोललात तर आवाज कायमचा जाईल, असं बजावलं होतं. तेव्हापासून टिपणं बाईंची, मांडणी एआयची आणि आवाज त्यानेच हुबेहूब उचललेला. सव्वीस वर्षं शिक्षक घडवणाऱ्या बाईंना ते ऐकताना हसू यायचं. लॅपटॉपमधल्या बाई कधी खोकत नसत.

वीस मिनिटं वर्गासाठी आणि दहा परगावच्या लेकीच्या संध्याकाळच्या फोनसाठी, अशी त्यांची वाटणी होती. लेकीच्या दहा मिनिटांना त्या कुणाला हात लावू देत नसत. आज वर्गाची वीस संपली होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरची विद्यार्थिनी उठली.

"बाई, काल शाळेत सरावपाठ घेताना एक चिमुरडी म्हणाली, एक छेद आठ हे एक छेद चारपेक्षा मोठं. एआयने दिलेल्या पाचही रीती मी सांगितल्या. ती रडायलाच लागली. मला नाही जमणार हे. उद्यापासून येत नाही मी."

बाईंनी प्रश्न टाइप केला. लॅपटॉपने सहावी रीत सांगितली, आणि ती चोख होती. विद्यार्थिनी मात्र पिशवी भरू लागली.

बाईंनी लॅपटॉप मिटला.

"थांब गं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तिला असं का वाटलं, ते विचारलंस?"

"नाही."

"मग आता तूच ती हो. भांड माझ्याशी."

ती अडखळत भांडू लागली. बाईही हट्टाला पेटल्या. फळ्यावर दोन सारख्या पट्ट्या काढून एकीचे चार, दुसरीचे आठ भाग करायला लावले आणि प्रत्येक उत्तरावर "का?" विचारत राहिल्या.

"अहो बाई, ती तुकडे मोजत होती! तुकडा केवढा, ते बघतच नव्हती!" ती ओरडली. वर्ग हसला, तीही हसली. "उद्या तिलाच काढायला लावते पट्ट्या."

पिशवी बाकाखाली गेली. लेकीची दहा मिनिटंही कधीच संपली होती.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा बाईंनी गळ्यावर हात ठेवून नवऱ्याला खूण केली.

"मग लॅपटॉपला बोलू दे की," तो म्हणाला. "तुझाच आवाज. पोरीला कळणारसुद्धा नाही."

बाईंनी जोरात नकाराची मान हलवली. कळणार नाही, याचीच त्यांना धास्ती वाटली. त्यांनी फोन स्वतःच्या कानाला लावला.

"आई? आहेस ना?"

बाईंनी फोनवर बोटाने दोनदा टकटक केली.

"बरं, आजचा आवाज संपला वाटतं," लेक म्हणाली. "मग आज मी बोलते, तू ऐक."

बाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा दोनदा टकटक केली.