अठरा ठिपके, एक तारा

नेहरू नगरातल्या कोचिंग क्लासमध्ये मी अकरावीला फिजिक्स शिकवते. रविवारी दोन तास फक्त अवकाश दुर्बिणींचा वर्ग घ्यावा, असं वर्षभर माझ्या मनात होतं. क्लास चालवणाऱ्या शिल्पा मॅडम शेवटी म्हणाल्या, "या रविवारी एक प्रयोग दाखव, हर्षा. पोरं बसून राहिली तर रविवार तुझा. नाहीतर टेस्ट सिरीज लावते."

मी जेम्स वेब दुर्बीण निवडली. तिचा मोठा आरसा अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे. अवकाशात गेल्यावर तिनं एक तारा पाहिला, तेव्हा त्याच्या अठरा प्रतिमा दिसल्या, दर तुकड्याची वेगळी. मग एकेक तुकडा किंचित हलवून कुठली प्रतिमा कुणाची ते ओळखलं आणि सगळ्या एकावर एक आणल्या.

हेच मला दाखवायचं होतं. माझे बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी लोखंडी अँगलची चौकट बनवली, तिच्यावर अठरा छोटे आरसे, दर आरशामागे तीन स्क्रू. आरशांवर काळा कागद, मधोमध मसुराएवढी जागा उघडी. दहा मीटरवर टॉर्च आणि तिच्या शेजारी पांढरा पडदा. सकाळी आठला आम्ही अठराही ठिपके जुळवले आणि चहाला खाली गेलो.

साडेदहाला चाळीस मुलं बसली. मी टॉर्च लावली. पडद्यावर मधे अकरांचा मिळून एक ठळक ठिपका होता आणि त्याच्या बाजूला सांडल्यासारखे सात.

"दीदी, तारा फूट गया क्या?" पहिल्या बाकावरच्या नीतूनं विचारलं. वर्ग हसला.

बाबा पाना घेऊन उठले. "स्क्रू ढिले झाले असतीन. दोन मिनिटात कसतो."

"थांबा बाबा."

"कावून? मॅडम पाहून राहिल्या ना!"

मी एकेक आरसा पुठ्ठ्यानं झाकत गेले आणि कुठला ठिपका विझतो ते पाहिलं. भरकटलेले सातही आरसे खिडकीकडचे निघाले. तिथल्या अँगलवर हात ठेवला, तर तो चांगलाच तापला होता. आठला तिथे ऊन नव्हतं.

"बाबा, हात लावून पाहा."

त्यांनी हात लावला आणि लगेच काढला. "हत्तेरी! गरम मशीन अन् थंड मशीन येक नसते, हे मीच हेल्परले शिकवत होतो. अन् मीच इसरलो."

"आता स्क्रू कसले तर थंड झाल्यावर पुन्हा बिघडेल."

त्यांनी पाना टेबलावर ठेवला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मग काय करणार? टेस्टचे पेपर वाटू का?"

"पंधरा मिनिटं द्या मॅडम. आणि तुमच्या गाडीचं चंदेरी कव्हर."

कव्हर आलं. आम्ही ते चौकटीपासून हातभर दूर, खिडकीवर ताणून बांधलं आणि पंखे पूर्ण सोडले. मी मुलांना खरं ते सांगितलं. लोखंडाचा एक मीटर वीस अंशांनी तापला की पाव मिलिमीटर वाढतो. तेवढ्यानं आरसा जरा कलतो आणि दहा मीटरवर ठिपका दीड सेंटिमीटर सरकतो. वेब दुर्बिणीला सूर्याच्या बाजूनं पाच पदरी छत्री आहे. तिच्या सावलीत आरसे थंडगार आणि स्थिर राहतात. शिवाय ती अवरक्त प्रकाश, म्हणजे उष्णतेचा प्रकाश पाहते. स्वतःच गरम राहिली, तर लांबच्या आकाशगंगांचा मंद उजेड तिच्या स्वतःच्या उष्णतेतच हरवेल.

"मतलब टेलिस्कोप को भी धूप लगती है," मागच्या बाकावरचा पीयूष म्हणाला.

"तुझ्यासारखीच. फक्त ती क्लासला दांडी मारत नाही."

हशा थांबायच्या आत नीतू ओरडली, "दीदी, सरक रहा है!"

कुणीही हात लावला नव्हता. पहिला ठिपका मधल्या ठिपक्यात शिरला. मुलं बाकांवर चढली, मोठ्यानं मोजू लागली. बारा. तेरा. चौदाव्याला वेळ लागला. सतरावा आत गेला. शेवटचा ठिपका कडेला टेकला, रेंगाळला, आणि आत विरघळला.

"अठरा!"

टाळ्यांच्या गोंगाटात बाबा शिट्टी वाजवत होते. मॅडम पडद्याजवळ जाऊन त्या एका ठळक ठिपक्याकडे बघत राहिल्या.

"रविवार, नऊ ते अकरा," त्या म्हणाल्या. "खुर्च्या किती लागतील?"

मी उत्तर देणार, तोच पीयूषनं खिडकीवरचं कव्हर ओढलं.

"दीदी, एक बार और गरम करते हैं!"