फुलांखालचं लोखंड

टिनाचा डबा वाजतो कसा?
आतला उंदीर नाचेल तसा!

शाळेच्या पिवळ्या बसच्या खिडक्यांतून उठणारा तो गलका पन्नास वर्षं झाली तरी ग्लेनाच्या कानांतून गेला नव्हता. विलो कोर्टचं फाटक आलं की पोरं डोकी बाहेर काढून ओरडायची. आत ओळीनं उभी असायची पत्र्याची घरं, कारखान्यात बनून चाकांवर आलेली. त्यातलंच एक ग्लेनाचं, पण बसमध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती अर्धा मैल पुढं, विटांच्या घरांपाशी उतरायची आणि बस दिसेनाशी झाली की मक्याच्या शेतातून मागं चालत यायची. ओरडण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर. ओरडणाऱ्यावर कोण संशय घेणार?

आता ती त्याच फाटकातून रोज कामाला येते. पाटी नवी आहे: हेरन लेक. मागचं डबकं खणून तळं केलंय. घरं अजून कारखान्यातूनच येतात, पण दोन ट्रकांवर दोन अर्धुकं येतात आणि इथं अशी जुळवतात की सांधा डोळ्याला सापडू नये. उतरतं छप्पर, पुढं ओसरी, स्वैपाकघरात दगडी ओटा. शिकागोची निवृत्त माणसं नंबर लावून बसलीत.

"ठोका ना भिंत," ग्लेना गिऱ्हाइकांना म्हणते. ती ठोकतात. भिंत भरल्या आवाजात उत्तर देते.

"आणि हे कारखान्यातलं?"

"कारखान्यातलं."

ऑफिसात कुणाच्या तोंडून या घरांसाठी 'ट्रेलर' हा जुना शब्द निघाला, तर त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोनट आणायचे. ग्लेनावर ती पाळी कधी आली नाही.

तळ्याकाठच्या नऊ नंबरवर मात्र एक जुनं पत्र्याचं घर अजून उभं होतं. आर्डिथचं, म्हणजे ग्लेनाच्या आईचं. ट्रकला जोडायचा लोखंडी आकडा घरापुढं जिभेसारखा बाहेर आलेला. बाकीच्यांनी आपापले आकडे कधीच कापले, झाकले. आर्डिथनं त्यावर जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या. "याला धरूनच तुझ्या बापानं मला इथं आणली," म्हणायची. "लपवू कशाला?"

नव्या मालकांनी नियम काढला: चाळीस वर्षांवरची घरं काढायची. सवलत एकच. नोकरीवरच्या माणसाचे आईबाप असतील तर राहू द्यायचे. कागदावर नाव आणि नातं लिहून द्यायचं. आर्डिथनं मार्चमध्येच सही करून तो लेकीच्या हातात दिला होता. दर रविवारी चिकन-नूडल्स वाढताना विचारायची, "भरलास ना गं कागद?"

"भरते, आई."

कागद खणातच राहिला. 'नातं' या शब्दापुढं पेन टेकलं की ग्लेनाला बस ऐकू यायची. गेल्या शुक्रवारी मुदत संपली. गावातल्या वृद्धांच्या इमारतीत लिफ्ट आहे, आईला बरंच पडेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

सोमवारी ती व्हिटलॉक जोडप्याला नव्या घरासाठी नऊ नंबरची जागा दाखवायला घेऊन आली. या वेळी आई चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते, हे हेरूनच. पण आर्डिथ घरीच होती, कुंड्यांना पाणी घालत.

"अगंबाई, यात माणूस राहतं?" मिसेस व्हिटलॉक म्हणाल्या.

"महिनाभरच आता."

"मग नेणार कुठं हे धूड?"

"नेता नाही येत. चाकांचे आस गंजलेत. इथंच मोडायचं. मशीन आलं की तासाभराचं काम."

"सार्डिनचा डबा उघडतात तसं!" व्हिटलॉक म्हणाले आणि हसले. बायको हसली. ग्लेनाही हसली, दोघांच्या वरच्या पट्टीत.

झारीची धार थांबली.

चारचौघांत आर्डिथ लेकीला कधी ओळख दाखवायची नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तीच समजली होती. आज मात्र ती बघत राहिली.

"मॅडम," ग्लेना घाईनं म्हणाली, "तुम्हाला नोटीस मिळालीच असेल."

"मिळाली. खाली तुझीच सही आहे."

"ओळखता वाटतं एकमेकींना?" मिसेस व्हिटलॉकनी विचारलं.

"जुन्या सगळ्याच रहिवाशांना ओळखते मी," ग्लेना म्हणाली.

आर्डिथनं झारी आकड्यावर ठेवली. हात पुसले.

"निळी चादर होती," ती म्हणाली. "दोरीवर टाकत होते. तू तिसरीत होतीस. बस आली, पोरं ओरडली. ओरडोत, पोरंच ती. पण एक आवाज सगळ्यांच्या वर होता. तुझ्या बापानं आतून विचारलं, कोण गं ते? म्हटलं, असेल कुणाचं तरी कार्टं. मरेपर्यंत त्याला सांगितलं नाही. तुलाही नाही. तू शेतातून यायचीस, मोज्यांना मक्याची पातं चिकटलेली. ती काढायचे आणि तुला वाढायचे."

ग्लेना घाईनं व्हिटलॉक जोडप्याकडे वळली.

"आत्ता हसलीस ना," आर्डिथ म्हणाली, "तोच आवाज. माझ्या पोटच्या पोरीचा."