झाकायच्या ट्यूब

मी मेकअपच्या दुकानात कामाला आहे, परतीच्या काउंटरवर. आमच्याकडे वापरलेला, जुना मालही परत घेतात. बिल हरवलं तरी चालतं, फोन नंबर टाकला की खरेदी सापडते. आलेला माल मी हातोड्याने फोडतो, कोणी उचलून वापरू नये म्हणून.

काल भरदुपारी ताई आली. माझी सख्खी बहीण. आली तशी पिशवी काउंटरवर उपडी केली. फाउंडेशनच्या ट्यूब. सगळ्या एकाच गोऱ्या शेडच्या.

ताई सावळी. भाऊजी तिला मारायचे आणि दुसऱ्या दिवशी एक ट्यूब आणून द्यायचे. "झाकून घे." तिने एकदाच लावलं, तर भिंतीला पुट्टी मारल्यासारखं दिसलं. बाकीच्या तशाच पडून. काही तर वर्षापूर्वीच्या.

"नंबर सांग," मी म्हणालो.

तिने सांगितला. मी टाकला, बटण दाबलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंबर भाऊजींचा होता. खरेदी त्यांचीच ना. माल परत आला की मेसेज त्याच नंबरवर जातो, दुकानाच्या पत्त्यासकट.

"ताई, त्यांना कळलं! पळ!"

"कळू दे. म्हणून तर आले." तिचा आवाज एकदम शांत. "घरात दार लावून मारतो. बाहेर देवमाणूस. आई पण म्हणते, जावई गरीब गाय आहे. तुझ्या डोक्यावर तो कॅमेरा चालू आहे ना?"

"चालू आहे, पण..."

"मग तू हात उचलायचा नाहीस. तू एक जरी ठेवून दिलीस ना, तर भांडण तुमचं दोघांचं होईल आणि मी राहीन बाजूला. मला त्या घरात परत जायचं नाहीये. माझी शपथ आहे तुला."

भाऊजींचं ऑफिस मागच्याच गल्लीत. आले ते हसतच.

"काय मेव्हणे, बहिणीच्या नादाने दुकानाला टाळं लावणार काय?"

मग ट्यूब दिसल्या. हसू गेलं.

"घरी चल."

"नाही येणार."

"हळू बोल."

"का हळू? मला मारून झालं की ह्या आणायचास ना तू?" अख्खं दुकान वळलं.

त्याने तिचे केस धरले आणि तोंड काउंटरच्या काचेवर आपटलं. परत आपटलं. काच तडकली. तिचा एक दात ट्यूबच्या ढिगात जाऊन पडला. ती खाली कोसळली तर पोटात लाथ. मग अजून एक.

हातोडा माझ्या हातात होता. त्याचं डोकं माझ्यासमोर, हातभर अंतरावर. खरं सांगतो, टरबुजासारखं फोडलं असतं. पण ताई खालून माझ्याकडे बघत होती, रक्ताने भरलेलं तोंड 'नाही, नाही' हलवत. मी हातोडा सोडला. तो माझ्याच पायावर पडला.

लिपस्टिक निवडणाऱ्या एका आजींनी लोखंडी बास्केट उचलली आणि त्याच्या कानावर हाणली.

"मेल्या, बाईला लाथा घालतोस!"

मग सगळेच तुटून पडले. नाक फुटल्याचा आवाज मी ऐकला. शेवटी वॉचमनकाका त्याच्या पाठीवर बसले, म्हणून थांबलं.

आमच्या दुकानातली पोरगी ओला रुमाल घेऊन धावली. ताईने तिचा हात ढकलला.

"पुसू नकोस. पोलीस येऊ देत."

मग पडलेल्या दाताच्या फटीतून, बोबडं बोलत मला म्हणाली, "एक ट्यूब दाखवायला ठेव. बाकीच्या फोड."

फोडल्या. तिथेच फरशीवर, त्याच्या नाकासमोर.