कोणत्या घरची

भंडाऱ्यात गणपतीच्या दिवसांत वाचनालयाचा परिसंवाद व्हायचा. सत्त्याहत्तर साली विषय ठरला ‘झाडीपट्टीचे नाटक आणि आजची स्त्री’. वाचनालयाचे चिटणीस भय्याजी स्वतः आमंत्रण घेऊन इश्वरच्या घरी आले. इश्वर तहसील कचेरीत कारकून होता. पण आमंत्रण त्याला नव्हतं, त्याच्या बायकोला होतं.

“वहिनी, तुमी आंधळगावच्या मंडळात नायिकेचं काम करत होत्या म्हणे. मंचावर बसा. विषय बाईचा, अन् बोलणारे सारे पुरुषच, हे बरं दिसत नाई.”

पंचफुलाने चहाचा कप भय्याजींपुढे ठेवला. आत सासू, सत्यभामाबाई, तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

इश्वरने पंचफुलाला पहिल्यांदा पाहिलं ते दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकाच्या मंचावरच. तिच्यासाठी तो हट्टाला पेटला होता. आईला मात्र एवढंच सांगितलं, की पोरगी धानाच्या शेतकऱ्याची आहे. लग्न ठरलं तेव्हा त्याने पंचफुलाला बजावलं होतं, भंडाऱ्यात नाटकाचं नाव काढायचं नाही. तिने कधी काढलं नव्हतं.

“तिले नाई जमणार,” इश्वर म्हणाला. भय्याजी चहा अर्धा ठेवून उठले.

सासू आता काहीतरी बोलेल म्हणून पंचफुला वाट पाहत राहिली. सासू बोललीच नाही. रोजच्यासारखी जेवली, रोजच्यासारखी देवळात गेली. त्यापेक्षा तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. पंचफुला धुतलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. वरण उतू जायचं. अंगणात उभी राहिली की शेजारणी आपल्याकडेच पाहून कुजबुजतात असं वाटायचं. इश्वर कचेरीतून आला की विचारायचा, “कोणी काही म्हटलं का?” आणि उत्तर ऐकायच्या आधीच पंपाने सायकलमध्ये हवा भरायला लागायचा.

परिसंवादाच्या दिवशी दुपारी तिला घरात थांबवेना. तिने शेजारच्या बेबीबाईंना हाक मारली. “ऐकायले चालता का?”

सभागृहात बायका डाव्या बाजूला बसल्या होत्या. उजवीकडे कचेरीतल्या लोकांत इश्वर होता. तिला पाहून त्याने मान फिरवली.

नागपूरहून आलेले प्राध्यापक बराच वेळ बोलले. मग पुंडलिकराव वकील उठले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, “पुरुष लुगडं नेसून काम करत होते तेव्हा लोक कला पाहायले येत. आता बाया आल्या. लोक काय पाहायले येतात, ते मी सांगायची गरज नाई. अन् या बाया येतात तरी कोणत्या घरच्या?”

हशा पिकला. बेबीबाईही हसल्या. मग पंचफुलाचा चेहरा पाहून गप्प झाल्या.

आपण उभ्या केव्हा राहिलो हे पंचफुलाला कळलं नाही. “मले बोलाचं आहे,” ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने म्हणाली. भय्याजींनी घाईघाईने तिला मंचाजवळ नेलं. माइक किंचाळला.

“मी पंचफुला. आंधळगावच्या मंडळात मी काम केलं. वकीलसाहेब घर विचारून राहिले, तर सांगते. माझा बाप धान पिकवते. तालमीले तो माझ्यासंगं यायचा, मागं बसून राहायचा. आता मी इथंच, भंडाऱ्यात राहाते. माझा नवरा इथंच बसला आहे.”

सगळ्या माना वळल्या. इश्वरने डोकं खाली घातलं.

तिला अजून बोलायचं होतं. शिट्ट्या ऐकून किती भीती वाटायची, आणि तरी पडदा उघडला की ती भीती कुठे जायची, हे तिला सांगायचं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “बाई, एखादा डायलॉग होऊन जाऊ द्या!” टाळ्या पडल्या. प्राध्यापकही हसत म्हणाले, “हो हो, एक झलक दाखवा.”

पंचफुलाने माइक जवळ ओढला. “पुंडलिकरावांले कोणी म्हटलं का, कोर्टातलं भाषण करून दाखवा म्हणून?” ती म्हणाली. “मी आज बोलायले आली होती.”

ती खाली उतरली. वकिलांनी शब्द मागे घेतला नाही. अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगून आभार मानले.

घरी इश्वरने चपला भिरकावल्या. “माझं नाव काहून घेतलं? उद्या कचेरीत तोंड कसं दाखवू?”

“मी तुमचं नाव नाई घेतलं. नवरा आहे, एवढंच म्हटलं.”

“तुझ्यासंगं आता...”

“इश्वर,” सत्यभामाबाई आतून बाहेर आल्या. “नाटकाचं माझ्यापासून लपवून तू तिले घरात आणलं. तिच्यावर कायले ओरडतेस?” मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, “अन् तू वो? इतके दिवस माझ्यासंगं राहून एका शब्दानं बोलली नाईस. मी का तुले खाऊन टाकली असती?”

सासूचा राग खरा होता आणि तो पुढे कित्येक दिवस गेला नाही.

दिवाळी जवळ आली तेव्हा बपेऱ्याच्या मंडळाचा माणूस तिला नाटकात काम करणार का, असं विचारायला आला. परिसंवादाची गोष्ट तिकडेही पोचली होती. इश्वर घरात होता. पंचफुलाने त्याच्याकडे न पाहता हो म्हटलं.

नाटकाच्या दिवशी इश्वर कचेरीचं काम सांगून भंडाऱ्यातच राहिला. बसच्या थांब्यावर सत्यभामाबाई डोक्यावरून पदर घेऊन तिच्या आधीच येऊन बसल्या होत्या.

“तुमी?” पंचफुलाने विचारलं.

“पाहून तर घेऊ दे,” त्या म्हणाल्या. “मग काय बोलाचं ते बोलीन.”

बस आली. पंचफुलाने त्यांना खिडकीजवळची जागा दिली.