धरणाच्या दरवाज्यांची फाईल

पाटबंधारे खात्याच्या अभिलेख कक्षात सव्वीस वर्षं काढली मी. माझ्या सहीशिवाय तिथून कागदाचा कपटाही हलत नाही. साहेब लोक माझ्या माघारी मला 'कुलूप' म्हणतात. म्हणोत बापडे.

नऊ वर्षांपूर्वी धरणाचे दरवाजे अचानक उघडले आणि खालच्या वस्तीतली सात माणसं वाहून गेली. हुकूम नसताना दरवाजे उघडले म्हणून ते चालवणाऱ्या कामगाराला घरी बसवलं. तो सांगत राहिला, फोनवर हुकूम आला होता. ऐकतंय कोण? वस्तीत त्याच्याशी कुणी बोलेना. शेवटी त्याच्या मुलीने फाईल मागितली, खात्याने हात वर केले, तशी ती कोर्टात गेली. बापाचं हृदय थकलेलं. ते थांबायच्या आत त्याच्यावरचा डाग पुसायचा, एवढ्यासाठी तिची सारी धडपड.

आमच्या सचिवांनी कोर्टाला शपथेवर लिहून दिलं, की फाईल त्यांनी स्वतः बारकाईने वाचली आहे. ती उघड झाली तर सरकारी कामकाजाला बाधा येईल, म्हणून सरकारच्या विशेषाधिकाराने ती गुप्त ठेवावी. न्यायाधीश बाईंनी फाईल मागवली. ती फाईल आणि फायली नेल्या-आणल्याची वही घेऊन मी हजर झाले. आमचे वकील कानाशी लागून म्हणाले, विचारतील तेवढंच बोला. हे मला शिकवायचं? आयुष्यभर दुसरं काय केलं मी?

बाईंनी विचारलं, सचिवांनी ही कधी वाचायला नेली होती? मी वही पुढे केली. एकही नोंद नाही. मग ते कक्षात येऊन वाचून गेले का? आमचा कक्ष कुठल्या मजल्यावर आहे, हे तरी त्यांना ठाऊक असेल का, देव जाणे.

"नाही आले," मी म्हणाले. "पुरानंतर पंधरा दिवसांत फाईल माझ्याकडे आली. तिच्या दोरीला मी मारलेली गाठ तशीच आहे. हिला कुणीही हात लावलेला नाही."

सांगताना छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू. वकिलांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

न वाचताच गुप्त ठरवलेल्या फाईलला कसला विशेषाधिकार, म्हणत बाईंनी सरकारचा अर्ज फेटाळला आणि दोरी सोडली. चौथ्या पानावर मुख्य अभियंत्यांची सही होती. वर लिहिलं होतं, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सर्व दरवाजे उघडण्याचा आदेश मी दूरध्वनीवरून दिला. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मुलगी तिथेच हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती त्या पानाची प्रत घ्यायला आली. मी शिक्का मारून दिली. कागद घडी न पडू देता तिने पिशवीत ठेवला आणि विचारलं, फाईल कुठे असायची? मी कपाट दाखवलं. माझ्या खुर्चीपासून चार पावलं.

"मावशी, तुम्ही कधीच वाचली नाहीत?"

मला कुणी अडवलं नव्हतं.